पोटाच्या दोन किल्ल्या

जगात सगळ्यांत जास्त फुकट सल्ले कोणाला मिळत असतील, तर ते वजन वाढलेल्या माणसाला. पहिलटकरीण आणि सर्दी झालेला माणूस हे त्याच्या मागोमाग येतात. पण पहिलटकरीण यथावकाश मोकळी होते, सर्दी आठवड्याने जाते. जाड माणूस मात्र कायमचा सार्वजनिक. एसटीत शेजारी बसलेला अनोळखी इसमसुद्धा, आपली निम्मी सीट गेल्याची भरपाई म्हणून, त्याला चार गोष्टी सुनावून घेतो. एक म्हणतो भात बंद करा. दुसरा म्हणतो गहू हेच खरं विष, भातच खा. तिसऱ्याच्या साडूने नुसतं कोमट पाणी पिऊन अकरा किलो उतरवलेले असतात. हा साडू कोणाच्या दृष्टीस पडत नाही, पण तो प्रत्येकाला असतो. आणि सगळ्यांचा समारोप एकच: "शेवटी काय आहे, मनावर ताबा पाहिजे!"

या वाक्याची मला गंमत वाटते. ताप आलेल्याला कोणी मनावर ताबा ठेवायला सांगत नाही. चष्मा लागलेल्याला 'जरा निग्रहाने बघा' असं म्हणत नाहीत. टक्कल पडलं तर तो आनुवंशिक दोष, दात पडले तर वय. पोट सुटलं की मात्र ते एकदम चारित्र्यात जाऊन बसतं. वीस वर्षं मी हे चारित्र्य शर्टाच्या आत घालून बँकेच्या काउंटरमागे बसलो. शर्टाची बटणं साक्षीला होती, त्यांतली एकदोन फितूर झाली.

वजन १२४ किलो, उंची पाच फूट सहा इंच. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यावर गणित मांडलं, ते चव्वेचाळीसच्या आसपास आलं. विमा नियामकाने २०१९ साली काढलेल्या नियमांप्रमाणे हा आकडा चाळीस किंवा त्याच्या वर असेल, तर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही. बी.कॉम.ला मी कुठल्याच कट-ऑफच्या वर कधी नव्हतो. हा योग आयुष्यात पहिल्यांदाच आला, तोही चार गुणांनी. ही संधी सोडू नये असं डॉक्टरांचंही मत पडलं, कारण साखर आणि रक्तदाब हे दोघेही तोपर्यंत घरी मुक्कामाला आले होते. जून २०२२ मध्ये मी पुण्यात टेबलावर आडवा झालो.

या शस्त्रक्रियेला इंग्रजीत 'स्लीव्ह' म्हणतात. स्लीव्ह म्हणजे बाही. शिंप्याकडे अख्खा सदरा टाकावा आणि त्याने सदरा ठेवून घेऊन आपल्याला एक बाही परत द्यावी, तसा प्रकार. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात. उरतं ते केळ्याएवढं नळकांडं, आणि त्यात मावतं शंभर-दीडशे मिलीलीटर. म्हणजे भोरच्या स्टँडवरचे दोन कटिंग. कापलेली कड मिटवायला वापरतात चक्क स्टेपलर! हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. नोटांच्या बंडलांना पिना मारायला रिझर्व्ह बँकेने २००१ सालीच मनाई केली. जठराला मारायला अजून परवानगी आहे.

पुढचे दिवस सांगण्यासारखे आहेत. आधी पाणी आणि गाळलेलं सूप, घोट घोट. मग ताक, मग मुगाचं कढण, मग बाळाला देतात तसलं मऊ गुरगुट्या काहीतरी. महिना-सव्वा महिन्याने पहिला खरा घास. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माझं दुसऱ्यांदा उष्टावण झालं. आईने पहिल्या खेपेची चांदीची वाटी शोधून काढली होती. पहिल्या खेपेला ती मला अपुरी पडली होती म्हणे. या खेपेला निम्मी उरली.

आहारतज्ज्ञ बाईंनी एक कागद दिला. त्यात आमच्या सबंध ताटाची उलटापालट होती. आपल्याकडे ताटाला घटना आहे: पहिला भात, त्यावर वरण, वरणावर तूप, शेजारी लिंबाची फोड. त्याशिवाय सभेचं कामकाज सुरू होत नाही. बाईंचा कागद म्हणत होता, आधी प्रथिनं, म्हणजे डाळ, अंडं, पनीर, मासा, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी किंवा भात. जागा उरत नाही! भोर-वेल्हे हा भाताचा मुलूख. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली आंबेमोहर आणि आयआर-८ यांचा संकर करून इंद्रायणी तांदूळ दिला, आणि आमच्या भागाने तो असा उचलून धरला की शिजायला लागला की शेजारच्या घरात वास जातो. त्या मुलखातला मी माणूस, आणि मला सांगितलं जातं की भाताला सगळ्यात शेवटी, सुद्धा 'बघू' म्हणून रांगेत उभा करा. जन्मभर ज्याला जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं, त्याला एकदम टपावर!

पाण्याचंही तसंच. जेवताना पाणी प्यायचं नाही. आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास तांब्याकडे नुसतं बघायचं. वाग्भटाने सांगून ठेवलं आहे की पोटाचे चार भाग करावेत, दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा ठेवावा. अडचण अशी, की वाग्भटाचे चार भाग करायला माझ्याकडे मुळात भागच एक उरला आहे. त्यात घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. घाई केली, एखादा घास जास्त झाला, तर काय होतं ते भाटघर धरण पाहिलेल्याला सांगायला नको. धरण भरलं की तिथले स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. इंजिनियरची परवानगी लागत नाही.

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, ते पुढे थांबले. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्याशी मात्र जन्माची सोयरीक झाली. वर्षभरात मी ८१ किलोंवर आलो. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. बँकेत ओळखपत्रावरच्या फोटोशी माझा संबंध उरला नाही. रोज लोकांचं केवायसी करणाऱ्या माणसाला स्वतःचंच केवायसी करून द्यावं लागलं.

आता गावात प्रश्न येतो सांगण्याचा. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून महाराष्ट्राला या गोष्टीची तोंडओळख आहे. पण मंत्र्याचं वजन कमी झालं की ती बातमी होते, क्लार्कचं झालं की शंका होते. "काही दुखणं वगैरे नाही ना?" असं लोक इतक्या हळू विचारायचे, की उत्तर मोठ्याने द्यावं लागे. मी सरळ सांगत आलो. पोट कापून घेतलं, बाही शिवून घेतली, आता बरा आहे.

आणि इथेच, मंडळी, नीतिशास्त्र आडवं आलं.

ते आणलं आमच्या हेडकॅशियरनी. गृहस्थ काटक, तत्त्वाचे पक्के, रोज पहाटे भाटघरच्या रस्त्याला चालायला जातात. मी टेबलावर आडवा झालो त्याच वर्षी त्यांनी चालून चालून सहा किलो उतरवले होते. माझे त्रेचाळीस ऐकून ते म्हणाले, "छान झालं. पण त्यात तुझं काय? तू खात नाहीस असं नाही, तुला खाता येत नाही. तुझ्या पोटाला कुलूप लावलंय." म्हणजे त्यांचे सहा किलो पांढरे आणि माझे त्रेचाळीस काळे. घामाचा पुरावा नाही, सबब उत्पन्नाचा स्रोत संशयास्पद.

घरी आलो तर आईचंही तेच. आषाढी एकादशीला मी एक वाटी दही घेऊन उठलो. आई म्हणाली, "तुझी काय, रोजच एकादशी. पण पुण्य नाही हो त्याचं." हिशेब बरोबर होता. उपासाचं पुण्य हे खाणं शक्य असताना न खाण्याचं असतं. फराळी चिवड्याने उपास मोडत नाही आणि दीडशे मिलीलीटरने तो घडत नाही. माझा एक भाचा तत्त्वज्ञानात एम.ए. करतो. त्याने तर गीतेचा तिसरा अध्याय काढला. जो कर्मेंद्रियं आवरून बसतो आणि मनात मात्र विषयांचं चिंतन करतो, त्याला तिथे मिथ्याचारी म्हटलं आहे. मी म्हटलं, पोट हे कर्मेंद्रिय नाही. तो म्हणाला, हा तांत्रिक मुद्दा झाला. बँकेत तांत्रिक मुद्द्यावर चेक परत जातो, पण तत्त्वज्ञानात चालत नाही म्हणे.

तेव्हा प्रश्न असा: ज्याला चोरी करताच येत नाही, तो प्रामाणिक आहे का? आणि ज्याला जास्त खाताच येत नाही, तो संयमी आहे का?

मी कॉमर्सचा माणूस. मला गीतेपेक्षा द्विनोंदी पद्धत जास्त समजते. तिचं तत्त्व पहिल्या वर्षालाच शिकवतात, की एका बाजूला जमा पडली तर दुसऱ्या बाजूला तेवढंच नावे पडलं पाहिजे. आता बघा. मी आज कमी खातो, त्याचं श्रेय माझ्या खात्यात जमा करायचं नाही, कारण ते पोटाच्या आकारामुळे होतं. कबूल. मग मी आधी जास्त खायचो, ते कोणाच्या नावे टाकायचं? तेव्हाही पोट होतंच की. त्याचा आकार मी ठरवला नव्हता. पण तो सगळा खर्च वीस वर्षं माझ्या चारित्र्याच्या नावे पडत राहिला! कर्ज माझ्या नावाने आणि परतफेड डॉक्टरांच्या नावाने. असली नोंद मी बँकेत केली असती, तर ऑडिटरने मला चहासुद्धा न घेता निलंबित केलं असतं.

नुसत्या आकाराचीही ही गोष्ट नाही. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं एक द्रव्य तयार होतं. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. हे रक्तातून मेंदूकडे जातं आणि 'भूक लागली' अशी वर्दी देतं. माझ्या पोटाचा जो भाग कापला, त्यातच या कारखान्याचं मुख्य शेड होतं. त्यामुळे पहिले काही महिने मला एक विलक्षण अनुभव आला. राजवाड्याच्या बाजूने घरी येताना कढईत भजी पडल्याचा आवाज आला, वास आला, आणि मी तसाच पुढे गेलो. मागे वळून पाहिलं नाही. मन आवरलं नाही, कारण आवरायला काही उठलंच नव्हतं. घरी येऊन खुर्चीत बसलो आणि मला एकदम उलगडलं, की आमचे हेडकॅशियर जन्मभर असेच आहेत! भज्यांचा वास येतो, ते वास घेतात आणि भाटघरच्या रस्त्याला लागतात. त्यांना मोह होतच नाही. आणि याला ते निग्रह म्हणतात. ज्याच्या दारावर चोर कधी आलाच नाही, त्याने आपल्या कडीचं कौतुक सांगावं!

उलट मी. १२४ किलोंच्या काळात रोज संध्याकाळी त्या कढईवरून जाताना मी दहातल्या सहा वेळा भजी न घेता पुढे जायचो. ते सहा विजय कोणी मोजले? ते पासबुकात छापून येत नाहीत. छापून येतात फक्त चार पराभव, तेही कमरेवर.

हे मी हेडकॅशियरना ऐकवलं. ते काही लेचेपेचे नाहीत. म्हणाले, "ठीक. म्हणजे भजी तू नाही खाल्लीस, त्या घ्रेलिनने खाल्ली. मग उद्या कोणी कॅशमध्ये हात घातला आणि म्हणाला की साहेब, माझ्या हाताचं रसायनच तसलं, तर त्याला सोडून द्यायचं का?"

हा मुद्दा मला रात्रभर पुरला. कारण तो खोटा नाही. सगळंच रसायनावर ढकललं तर 'मी' म्हणून शिल्लक काय राहतं? शून्य शिल्लक खातं. माझं चांगलं तेही माझं नाही आणि वाईट तेही नाही. मग सकाळी उठून काउंटरवर जाऊन बसतं कोण? तेव्हा घ्रेलिनला मी संपूर्ण मुखत्यारपत्र द्यायला तयार नाही. पण कॅशमध्ये हात घालणं आणि भूक लागणं यांत एक फरक आहे. पैसे चोरले नाहीत म्हणून कोणी मरत नाही. भूक ही अशी मागणी आहे की ती पुरी केली नाही तर जीव जातो. म्हणून निसर्गाने तिचा आवाज मोठा ठेवला आहे, आणि काहींच्या बाबतीत तो बंद करायचा विसरला आहे.

हा आवाज कुठून येतो, याबद्दल पुण्यातच फार मोठं काम झालं आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. बाळ दिसायला काटकुळं, पण अंगातली चरबी मात्र त्या गोऱ्या बाळाच्या तोडीची. २००४ साली याज्ञिकांनी आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटोच छापला. उंची-वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पोटुशी बाई अर्धपोटी असली की बाळाचं शरीर पोटातच काटकसर शिकून येतं, असा या संशोधनाचा रोख आहे.

हे वाचलं आणि मला आई आठवली, म्हणजे ती स्वयंपाकघरातच होती. तिचं माहेर पुरंदरच्या कोरड्या बाजूचं. १९७२ च्या दुष्काळात ती तेरा वर्षांची. खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो. त्याच्या भाकरीचं वर्णन ती आजही करत नाही, नुसतं तोंड करते. सहा वर्षांनी मी झालो. मग तिने मला वाढवलं ते एकाच तत्त्वावर: ताटात काही टाकायचं नाही. शितं वेचून खायची. 'पोट भरलं' हे वाक्य आमच्या घरात तक्रार म्हणून धरलं जायचं नाही. आता सांगा, माझ्या १२४ किलोंतले माझे किती, आईचे किती आणि बहात्तर सालचे किती? हा ताळेबंद कोणत्या सनदी लेखापालाने जुळवायचा?

हेडकॅशियरांचं दुसरं पालुपद 'शॉर्टकट' हे. आम्ही भोरची माणसं पुण्याला जातो ती कात्रजच्या बोगद्यातून. घाट चढून न गेल्याबद्दल स्वारगेटला कोणी आमचं तिकीट नामंजूर केलेलं नाही. बोगदा संपल्यावर पुढे रस्ता असतो, सिग्नल असतात, आणि पार्किंगला जागा नसते, हे बोगद्याला नावं ठेवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

हा सगळा वाद सुखवस्तू माणसांचा होता, हे मला गेल्या वर्षी बदलीच्या गावी समजलं. बदली वेल्ह्याच्या बाजूला झाली. तालुक्याचं नाव सरकारने आता राजगड केलं आहे, पण कंडक्टर आणि माझी आई यांच्यापर्यंत ते अजून पोचायचंय. भोरहून कापूरव्होळ, तिथून चेलाडी फाटा, मग नसरापूर, मार्गासनी, विंझर असं करत तोरण्याच्या पायथ्याकडे जायचं. पावसाळ्यात तो मुलूख इतका देखणा होतो, की बँकेत उशिरा पोचल्याचं वाईट वाटत नाही. तिथल्या एका बचत गटाच्या आजींनी गावच्या जत्रेला जेवायला बोलावलं. बँकेच्या माणसाने जत्रेला जाऊ नये असा नियम नाही, आणि आजींना नाही म्हणायची सोय नाही.

आग्रह हा आपल्याकडे प्रेमाचा मापदंड आहे. पूर्वी मी पंगतीत बसलो की वाढप्यांना चेव चढायचा. यजमानीणबाई पदर खोचून स्वतः यायच्या. माझ्या ताटाकडे बघून त्यांना आपल्या स्वयंपाकाचं सार्थक झाल्यासारखं वाटे. जाड माणूस हा यजमानाचा मोठा आधार असतो, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. आता माझं ताट म्हणजे वाईट निकाल लागलेली उत्तरपत्रिका. आजींनी तर कोंबडी कापली होती. तांदळाची भाकरी, रस्सा, वर इंद्रायणीचा वाफाळता डोंगर. मी आहारतज्ज्ञ बाईंना स्मरून आधी दोन तुकडे खाल्ले, सावकाश चावून; भाकरीची एक चतकोर खाल्ली आणि थांबलो.

"काय वो सायेब, चव न्हाय का जमली?"

"नाही आजी, फार छान झालंय. पोट भरलं."

"येवढ्यात? येवढ्यात आमची मांजर बी उठत न्हाय."

मग सांगितलं. पोटाचं ऑपरेशन केलंय, पोट लहान करून घेतलंय. आजींची पळी हवेत राहिली.

"म्हंजी? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आनि पैसं?"

"तीन-साडेतीन लाख झाले. विम्याने दिले."

त्यांच्या गटातल्या दहा जणींचं मिळून कर्ज दोन लाखांचं होतं. तो अर्ज मीच पुढे पाठवला होता, त्यामुळे तो आकडा त्यांच्या आणि माझ्या मनात बहुधा एकाच वेळी आला. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग 'यंदा पाऊस उशिरा आला' हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात म्हणाल्या, "आमाला कमी खायाला कुनी पैसं दिलं न्हाईत कवा."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. काउंटरवर वीस वर्षं तेच केलंय. त्यांनी माझ्या ताटातला भात, ज्याला मी हात लावला नव्हता, तसाच उचलून नातवाच्या ताटात घातला, आणि रस्सा एका डब्यात भरला. "ह्ये कारभारनीला न्या. डबा बँकेत आना, घाई न्हाय." परतीच्या गाडीत तो डबा मांडीवर धरून मी विंझरपर्यंत आलो. कमी खाण्याचं पुण्य कोणाच्या जमेला, यावर मी आणि हेडकॅशियर वर्षभर भांडत होतो, आणि त्या जमेच्या रांगेत आजी कधी उभ्याच नव्हत्या. वयाची साठ वर्षं त्या कमी जेवल्या. त्याला कोणी निग्रह म्हणालं नाही, तप म्हणालं नाही. त्याला नुसतं 'परिस्थिती' म्हणतात. माझं कमी खाणं निदान वादाचा विषय तरी होतं.

हे मी हेडकॅशियरना सांगितलं. पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "डबा परत केलास का?" केला होता; आईने त्यात चकल्या भरून दिल्या होत्या. आमच्याकडे रिकामा डबा परत करत नाहीत.

कुलपाचा मुद्दा मात्र मी त्यांना सोडू दिला नाही. बँकेची तिजोरी कशी असते, हे त्यांच्याहून चांगलं कोणाला माहीत? तिला दोन किल्ल्या. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघं मिळून आल्याशिवाय ती उघडत नाही. तीस वर्षं ते त्यातली एक किल्ली खिशात घेऊन हिंडले. मग त्यांनी पैसे खाल्ले नाहीत, ते प्रामाणिक होते म्हणून, की दुसरी किल्ली साहेबाकडे होती म्हणून? मी विचारलं तेव्हा ते रागाने लाल झाले. मग जरा शांत झाल्यावर म्हणाले, "तसं विचारायचं नसतं. दोन किल्ल्या असल्या म्हणजे माणूस घरी निवांत झोपतो." मी म्हटलं, माझंही तेच चाललंय.

आणि माझ्या तिजोरीची दुसरी किल्ली आता हळूहळू माझ्याच हातात येते आहे. वर्ष-दीड वर्ष उलटल्यावर भूक थोडी परतली. बाहीही थोडी सैल पडते, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. कित्येकांचं वजन काही वर्षांनी पुन्हा चढू लागतं. शिवाय या कुलपाला एक फट आहे. ते घट्ट पदार्थांना अडवतं. भाकरी अडते, भात फुगून बसतो, चिवट मटण तर दारातूनच परत जातं. पण पातळ आणि गोड पदार्थ सरळ आत! वितळलेलं आइस्क्रीम, उसाचा रस, बासुंदी यांना कुलूप दिसतच नाही. जास्त झाले तर नंतर घाम फुटतो, छातीत धडधडतं, पण ते नंतर. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे आमरस. शस्त्रक्रियेने पोटाचं चार पंचमांश काढलं, पण मे महिना तसाच ठेवला.

परवा अक्षय्य तृतीयेला आईने हेडकॅशियरना जेवायला बोलावलं. ताटं मांडली. आईने माझ्यासमोर तीच चांदीची वाटी ठेवली, काठोकाठ रसाने भरलेली. वरती तुपाचा थेंब. एवढीशीच तर आहे, असं तिचं म्हणणं. हेडकॅशियरनी आपल्या वाटीवर हात आडवा धरला.

"मला नको काकू. मला गोड फारसं आवडतच नाही."

मी दोन चमचे घेतले. ते जिभेवर जितके रेंगाळतील तितके रेंगाळू दिले. तिसरा चमचा भरला, वाटीच्या कडेला निथळला आणि परत वाटीत सोडला. वाटी जरा लांब सरकवली. मग अजून थोडी लांब, हात पोचणार नाही इतकी. सगळ्यांचं लक्ष पाहुण्यांच्या ताटाकडे होतं.

आई हेडकॅशियरांकडे कौतुकाने बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. याला म्हणतात मनावर ताबा. शीक जरा त्यांच्याकडून!"